भीड मोडायला शिकवताना

युरोपच्या सहलीत पॅरिस आलं की माझ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास येतो. सहलीच्या माहितीपत्रकात तो कुठेच छापलेला नसतो. कोच शहराच्या दिशेने निघालेला असतो, आयफेल टॉवर पहिल्यांदा कुठल्या बाजूने दिसतो याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, आणि मी माइक घेऊन उभी राहते. राज्यक्रांती, नेपोलियन, मोनालिसा हे सगळं नंतर. या शहरात तुम्हाला कोण, कुठे आणि कसं गाठेल, आणि तेव्हा तुम्ही काय करायचं, हे मी आधी सांगते.

मी टूर मॅनेजर आहे. पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर, सोलापूरकडची माणसं घेऊन उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास युरोप फिरवणं हे माझं काम. ग्रुपमध्ये निवृत्त शिक्षक असतात, बँकेत आयुष्य काढलेले असतात, द्राक्षबागायतदार असतात, आणि मुलांनी हौसेने पैसे भरून पाठवलेले आईवडील तर हमखास असतात. यातली बहुतेक माणसं व्यवहाराला पक्की. गावाकडे जमिनीचा सौदा असो की लग्नाच्या हॉलची घासाघीस, त्यांना कोणी सहज गुंडाळू शकणार नाही. तीच माणसं पॅरिसमध्ये भर दुपारी, शेकडो लोकांच्या देखत फसतात. असं का व्हावं, हा प्रश्न मला अनेक वर्षं छळत होता. फसणाऱ्याला हाव नडते असं लोक सहज बोलून जातात. मी पाहिलेल्या माणसांना हाव क्वचित नडली. त्यांना नडली ती भीड.

मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-करचं पांढरंशुभ्र चर्च आहे. खालच्या बागेतून वर जाणाऱ्या पायऱ्या सुरू होतात तिथे, वाट अरुंद होते नेमक्या त्या जागी, काही तरुण हातात रंगीत दोरे घेऊन उभे असतात. ‘नमस्ते! इंडिया? शाहरुख खान!’ म्हणत हसतमुखाने हात पुढे करतात. आपण हात मिळवला की दोऱ्याचं एक टोक बोटात अडकवतात आणि पीळ घालायला लागतात. तोंड एकीकडे चालूच असतं. कुठून आलात, मुलं किती, भारत मला फार आवडतो. बोलता बोलता मनगटावर गाठ बसते, आणि ती कात्रीशिवाय सुटत नाही. मग आवाज बदलतो. दहा युरो, वीस युरो. दोन-तीन साथीदार जवळ सरकतात.

आपल्या माणसांचा हात इथे इतका सहज का पुढे होतो, ते मला सोलापूरच्या एका काकूंमुळे कळलं. त्यांनी वीस युरो दिले होते. मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अहो ताई, त्यानं इतक्या मायेनं बांधला, मग मध्येच हात कसा ओढून घ्यायचा?’ पूजेनंतर गुरुजी दोरा बांधतात, राखी पौर्णिमेला बहीण बांधते. बांधणाऱ्यापुढे मनगट धरायचं असतं, आणि बांधून झालं की हातावर काहीतरी ठेवायचं असतं. हे आपल्या अंगात लहानपणापासून मुरलेलं आहे. त्या तरुणाला आपले सण ठाऊक नसतील, पण भारतीय माणूस हात लवकर मागे घेत नाही एवढं त्याला नेमकं ठाऊक असतं.

म्हणून मी कोचमध्येच सांगते, की त्या पायऱ्यांवर दोन्ही हात बॅगेच्या पट्ट्यावर घट्ट ठेवायचे, नजर पायरीवर आणि चाल सुरू. ‘नो, नो’ म्हणत उभं राहायचं नाही, कारण उभं राहिलं की बोलणं सुरू होतं आणि बोलणं हाच त्यांचा धंदा आहे. ज्यांना पायऱ्या नको असतील त्यांच्यासाठी शेजारून वर जाणारी रुळांवरची छोटी गाडी आहे. तिने गेलं की दोरेवाल्यांची वाट टळते.

दुसरा प्रकार सह्यांचा. लूव्र संग्रहालयाच्या आसपास, त्युइलरीच्या बागेत, त्रोकादेरोच्या चौथऱ्यावर तरुण मुली हातात पॅड घेऊन फिरतात. ‘स्पीक इंग्लिश?’ एवढंच विचारतात, मग कानाला आणि तोंडाला हात लावून आपण मूकबधिर असल्याचं खुणेने सांगतात. पॅडवर मूकबधिरांच्या मदतीसाठीचं निवेदन असतं, खाली देशोदेशीच्या लोकांच्या सह्या. सही केली की शेवटच्या रकान्याकडे बोट जातं. तिथे आधीच्या लोकांनी दिलेल्या देणगीचे आकडे लिहिलेले असतात. आता सही केली म्हणजे पैसेही द्यायचे.

नाशिककडचे एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्या ग्रुपमध्ये होते. त्यांना अशीच एक मुलगी भेटली. सर थांबले, खिशातून चष्मा काढला आणि निवेदन पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. वाचल्याशिवाय सही करायची नाही ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. मुलीने पॅड त्यांच्या छातीशी आडवं धरलं होतं. मी लांबून पाहिलं तर पॅडच्या खाली, सरांना दिसणार नाही अशा बाजूने, दुसऱ्या मुलीचा हात त्यांच्या कमरेच्या पाऊचवर होता. मी धावत जाऊन मध्ये उभी राहिले, ‘सर, ग्रुप पुढे गेला, चला’ म्हणून दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. सर रागावले. ‘सही तरी करू द्यायची होतीत, बिचारी बोलू शकत नाही.’ मी पाऊचकडे बोट दाखवलं. चेन अर्धी उघडी होती. आतलं सगळं शाबूत होतं. दहा पावलांवर त्या दोघी एकमेकींशी मोठमोठ्याने बोलत निघाल्या होत्या.

संध्याकाळी जेवणाच्या वेळी सर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ‘शाळेत असताना मी कर्णबधिर मुलांसाठी निधी जमवत असे. उद्या खरंच एखादी बोलू न शकणारी मुलगी समोर आली आणि मी मान फिरवली, तर?’ हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मी दरवेळी ग्रुपला जो सल्ला देते, त्याची किंमत या प्रश्नात आहे. मी त्यांना म्हटलं, की खरी मदत घाई करत नाही. खरी संस्था तुम्हाला नाव सांगेल, पत्रक देईल, विचार करायला वेळ देईल, आणि तुम्ही घरी जाऊन पैसे पाठवलेत तरी तिला चालेल. रस्त्यात अडवून, पाकीट आत्ताच्या आत्ता उघडा असं म्हणणाऱ्याला नाही म्हटल्याने दया कमी होत नाही. सर परत गेल्यावर त्यांच्या जुन्या शाळेला देणगी देणार होते. मला वाटलं, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच शोधलं.

सेन नदीच्या काठाने चालताना अंगठीचा प्रकार होतो. समोरचा माणूस वाकून जमिनीवरून पिवळीधमक अंगठी उचलतो. ‘तुमची पडली का?’ आपण नाही म्हणतो. तो आतला शिक्का दाखवतो, माझ्या बोटात बसत नाही, तुम्हालाच ठेवा म्हणतो, आणि पुढे जाऊन परत येतो. भूक लागली आहे, काहीतरी द्या. अंगठी पितळेची असते. इथेही माणूस सोन्याच्या लोभाने थांबतोच असं नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातात आली, ती परत कुणाला द्यायची या गोंधळात तो थांबतो.

हाव दिसते ती एका खेळात. आयफेल टॉवरसमोरच्या येना पुलावर आणि आसपासच्या वाटांवर तीन वाट्यांचा खेळ मांडलेला असतो. जमिनीवर एक चटई, त्यावर तीन काळ्या वाट्या, एका वाटीखाली पांढरी गोळी. उकिडवा बसलेला माणूस वाट्या फिरवतो. भोवती सात-आठ जणांचं कोंडाळं. एक बाई पन्नास युरो लावते आणि शंभर घेऊन उठते. टाळ्या. पुण्याहून आलेला संगणक क्षेत्रातला एक तरुण माझ्याबरोबर तिथे उभा होता. तो म्हणाला, ‘ताई, मला प्रत्येक वेळी गोळी बरोबर दिसते आहे.’ ते खरंच होतं. लांबून बघणाऱ्याला गोळी दिसावी असंच तो माणूस वाट्या फिरवत असतो. मी त्याला म्हटलं, वाट्यांकडे बघू नकोस, बघणाऱ्यांकडे बघ. आम्ही पुलाच्या कठड्याशी जाऊन उभे राहिलो. थोड्या वेळाने कोंडाळं मोडलं, पुलाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा जमलं, आणि त्यात तीच बाई, तोच टोपीवाला, टाळ्या वाजवणारा तोच म्हातारा. जिंकणारे सगळे त्यांच्यातले होते. हरणारी माणसं तेवढी दर वेळी नवीन. दोन्ही टोकांना पहाऱ्याला उभे असलेले वेगळेच. सायकलवरचे पोलीस दिसले, एक शिट्टी वाजली आणि चटई, वाट्या, गर्दी सगळं क्षणात पांगलं. तो तरुण नंतर कोचमध्ये स्वतःहून माइक मागून घेऊन सगळ्यांना हे सांगत होता. माझ्या बोलण्यापेक्षा त्याच्या बोलण्याचा परिणाम जास्त झाला.

इतके प्रकार पाठ करून घेणं शक्य नाही, आणि यादी पाठ केली तरी उद्या नवा प्रकार निघतो. म्हणून हळूहळू मी एकच कसोटी धरली आणि तीच सगळ्यांना देते. जो स्वतःहून तुमच्याकडे येतो, त्याने तुम्हाला निवडलेलं असतं. ज्याच्याकडे तुम्ही जाता, त्याला तुम्ही निवडलेलं असतं. रस्त्यावरून जाणाऱ्या हजार माणसांत लबाड फार थोडी. त्यातल्या कुणालाही तुम्ही आपणहून रस्ता विचारलात तर तो लबाड निघण्याची शक्यता जवळजवळ नाही. पण पर्यटकांच्या जागी जो हसत हसत तुमच्याकडे चालत येतो आणि काहीतरी करायला सांगतो, थांबा, हात द्या, सही करा, पैसे दाखवा, तो बहुतेक वेळा त्या थोड्यांतलाच असतो. म्हणून अडचण आली तर आपण माणूस निवडायचा. हिरव्या क्रॉसचं औषधाचं दुकान, पावाची बेकरी, तिकिटाची खिडकी. आधी ‘बोंजूर’ म्हणायचं, मग विचारायचं. पॅरिसची माणसं तुसडी असतात हा समज घेऊन आलेली आपली मंडळी या एका शब्दानंतर मिळणारी मदत पाहून चकित होतात.

या कसोटीला एक अपवाद मी मुद्दाम सांगते. मेट्रोत एका फ्रेंच बाईंनी आमच्या ग्रुपमधल्या आजींच्या खांद्यावर हलकेच टकटक केलं, पाठीवरची बॅग पुढे घ्यायची खूण केली आणि पुढच्या स्टेशनला उतरून गेल्या. त्याही स्वतःहूनच आल्या होत्या. पण त्यांनी काही मागितलं नाही, थांबवलं नाही, सावध केलं आणि निघून गेल्या. अशा माणसाचे आभार मानायचे.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगते, कारण ती सांगितली नाही तर माझा सगळा अर्धा तास विषारी होईल. आयफेलच्या पायथ्याशी लोखंडी कडीत छोटे टॉवर अडकवून विकणारे आफ्रिकी तरुण असतात, पाण्याच्या बाटल्या विकणारे पंजाबी आणि बांगलादेशी असतात. माझं सावधगिरीचं बोलणं ऐकून काही जण त्यांच्याकडे पाहिल्याबरोबर बॅग छातीशी धरतात. हे मला सहन होत नाही. त्यातली बरीच माणसं कागदपत्रांशिवाय, पोलिसांना चुकवत, उन्हातान्हात पोट भरत असतात. घ्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणावं, चोर समजून बघू नये. उलट, पाकीट मारणारी टोळी बहुतेक वेळा तुमच्याआमच्यासारखीच दिसते. नीटनेटके कपडे, गळ्यात कॅमेरा, हातात शहराचा नकाशा. रंगावरून आणि कपड्यांवरून माणूस ओळखायला गेलं की अन्यायही होतो आणि पाकीटही जातं. बघायची ती कृती. कोण जवळ येतंय, आणि का.

पाकीटमारीचा त्रास किती मोठा आहे हे पॅरिसने स्वतःच जगाला दाखवलं आहे. १० एप्रिल २०१३ ला लूव्रच्या कर्मचाऱ्यांनी काम थांबवलं आणि संग्रहालय दिवसभर बंद राहिलं. कारण होतं पाकीटमारांच्या टोळ्या आणि त्यांची कर्मचाऱ्यांवर होणारी दमदाटी. मे २०१५ मध्ये याच कारणाने आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही काम बंद ठेवलं आणि टॉवर काही तास उघडला नाही. मेट्रोत पाकीटमारांपासून सावध राहा अशी घोषणा निरनिराळ्या भाषांत होत असते. लूव्रकडे जाणाऱ्या एक नंबरच्या मार्गावर तर गर्दी कायमचीच. तिथली युक्ती ठरलेली. चढताना दारातच कोणीतरी अडखळतो, मागचे ढकलतात, तेवढ्यात एक हात काम करून जातो. किंवा दार बंद होण्याचा भोंगा वाजतो, दाराशी बसलेल्याच्या हातातला फोन ओढला जातो, दार लागतं आणि फोन फलाटावर राहतो. म्हणून दाराजवळ फोन काढायचा नाही, आणि पाठीवरची बॅग पोटावर घ्यायची.

आपल्या कुटुंबांची एक सवय मोडायला मला सगळ्यात जास्त बोलावं लागतं. घरातल्या चौघांचे पासपोर्ट, सगळे युरो, फॉरेक्स कार्ड, त्याचं जोड कार्ड आणि विम्याचे कागद, सगळं वडिलांच्या एकाच बॅगेत. घरातल्या कर्त्या माणसाने जबाबदारी घेतलेली असते, त्यामागे प्रेम असतं. पण ती एक बॅग गेली की चौघांची सहल तिथेच संपते. पासपोर्टबरोबर त्यावरचा शेंगेन व्हिसाही जातो. पोलिसांत तक्रार, भारतीय दूतावासाच्या फेऱ्या, आणि दूतावास जे तातडीचं प्रमाणपत्र देतो ते फक्त भारतात परतण्यापुरतं. बाकीचा ग्रुप स्वित्झर्लंडला निघून जातो. म्हणून मी कोचमध्येच वाटणी करून घेते. ज्याचा पासपोर्ट त्याच्या गळ्यातल्या पाऊचमध्ये, कपड्याच्या आत. कार्ड एकाकडे, जोड कार्ड दुसऱ्याकडे. दिवसाला लागतील तेवढेच युरो वरच्या खिशात. पासपोर्टची छायाप्रत बॅगेत आणि फोटो घरच्यांच्या फोनवर. काकूंची सोन्याची साखळी आणि पाटल्या तर घरीच राहिलेल्या बऱ्या.

ग्रुपशिवाय, स्वतःच्या हिमतीवर जाणाऱ्यांना मी वेगळं बजावते. शार्ल द गोल विमानतळावर इमारतीच्या आत ‘टॅक्सी?’ असं विचारत येणारा माणूस अधिकृत नसतो. खरी टॅक्सी बाहेरच्या रांगेत, छपरावर दिवा लावून उभी असते आणि शहरापर्यंतचं भाडं सरकारने ठरवून दिलेलं आहे. २०२५ मध्ये ते सेनच्या उजव्या तीरासाठी ५६ आणि डाव्या तीरासाठी ६५ युरो होतं. सामानासाठी वर काही नाही. गार द्यु नोर स्टेशनवर तिकिटाच्या यंत्रापाशी ‘मी मदत करतो’ म्हणणारा तुमच्याकडून पूर्ण तिकिटाचे रोख पैसे घेतो आणि हातात लहान मुलाचं सवलतीचं तिकीट ठेवतो. तपासनीस भेटला की दंड तुम्हालाच. एटीएमने रुपयांत हिशोब करू का विचारलं तर नको म्हणायचं, युरोच निवडायचे, कारण रुपयांचा दर ते आपल्या सोयीने लावतात. आणि साध्या वेशातले ‘पोलीस’ रस्त्यात ओळखपत्र दाखवून पाकीट तपासायला मागू लागले तर पाकीट काढायचं नाही. ‘आपण पोलीस ठाण्यात जाऊ’ एवढंच म्हणायचं आणि जवळच्या दुकानात शिरायचं. खोटे असतील तर तिथून निघून जातात.

हे सगळं सांगून झालं की मी सराव घेते. दोन्ही तळवे छातीपुढे, आवाज मोठा, ‘नो!’, आणि पाय थांबवायचे नाहीत. पहिल्यांदा सगळे हसतात. सत्तरीच्या आजी तोंडावर पदर धरून पुटपुटल्यासारखं ‘नो’ म्हणतात. मी पुन्हा म्हणायला लावते. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला असं तोंडावर नाही म्हटलेलं नसतं. सासरी नाही, शेजारी नाही, दारात आलेल्या विक्रेत्यालाही नाही. भीड भिकेची बहीण, ही म्हण त्यांनीच मुलांना शिकवलेली असते, पण भीड मोडायची वेळ आली की ओठ हलत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मात्र सगळा कोच दणाणतो. मला खात्री आहे की कुठल्याही पाऊचपेक्षा हा सराव जास्त कामाला येतो. उद्धट दिसण्याची परवानगी कोणीतरी आधी दिलेली असावी लागते, आणि ती मी देते. तुम्ही उद्धट नाही आहात, तुम्ही स्वतःला सांभाळताय, हे मी माइकवरून मोठ्याने म्हणते.

एवढं करूनही कधीतरी कुणाचं काहीतरी जातंच. आणि तिथे भिडेची धाकटी बहीण आडवी येते, ती म्हणजे लाज.

कोल्हापूरकडचं एक जोडपं होतं. मुलाने पहिल्या मोठ्या पगारवाढीतून त्यांना युरोपला पाठवलं होतं. मेट्रोत आजोबांचं पाकीट गेलं. त्यात युरो होते आणि फॉरेक्स कार्ड. ते कुणाला काही बोलले नाहीत, आजींनाही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वित्झर्लंडच्या वाटेला लागलो, दुपारी चहाला थांबलो, तेव्हा आजींनी पैसे मागितले आणि आजोबांचा चेहरा उतरला. मग सगळं बाहेर आलं. तोपर्यंत कार्ड यंत्राला टेकवून, पिनशिवाय, छोट्या छोट्या रकमा काढल्या गेल्या होत्या. लगेच कळलं असतं तर मिनिटाभरात फोनवरून कार्ड बंद करता आलं असतं. पॅरिस सोडल्यामुळे तिथल्या पोलिसांकडे तक्रार नाही, आणि तक्रारीच्या कागदाशिवाय विम्याचा दावा अडकतो. मी आजोबांना विचारलं, काल रात्री मला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, ‘पोरगं म्हणेल, बाबा, शंभरदा सांगितलं होतं सांभाळा म्हणून.’

चोराने त्यांच्याकडून घेतलं त्याहून जास्त त्या एका वाक्याच्या भीतीने घेतलं. एक दिवस, एक रात्र, तक्रारीचा हक्क, आणि सहलीचा सगळा आनंद.

पॅरिसमध्येच १९२५ साली व्हिक्टर लुस्टिग नावाच्या ठगाने सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून आयफेल टॉवर भंगारात विकला होता. घेणारा व्यापारी फसल्याचं कळूनही शरमेने पोलिसांकडे गेला नाही, आणि तक्रार झाली नाही हे पाहून लुस्टिग थोड्या महिन्यांत तोच टॉवर पुन्हा विकायला पॅरिसला परतला, असं सांगतात. मी ही गोष्ट ग्रुपला नेहमी सांगते. फसलेला गप्प बसला की फसवणाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक मिळतं. तो व्यापारी काही खेडवळ नव्हता, मुरलेला धंदेवाला होता. हुशार माणसंच जास्त गप्प बसतात, कारण त्यांना आपल्या हुशारीला बट्टा लागेल असं वाटतं.

म्हणून आता माझ्या ग्रुपमध्ये एक रीत आहे. रात्रीच्या जेवणाला मी विचारते, आज कुणाला कोणी गाठलं? आधी एखादाच हात वर होतो. सोलापूरच्या काकूंसारखं कोणीतरी दोऱ्याची गोष्ट सांगतं, मग दुसऱ्या टेबलावरून अंगठीची येते, तिसऱ्या टेबलावरून पॅडवाल्या मुलीची. कोणी कुणाला हसत नाही, हा नियम मी सुरुवातीलाच घालून दिलेला असतो. काही गेलं असेल तर कार्ड बंद करणं, तक्रार करायला मी बरोबर जाणं, घरी फोन लावणं, सगळं त्याच रात्री होतं. आणि ज्याचं गेलं तो बाकीच्यांच्या नजरेत बावळट ठरत नाही, कारण त्याच्यामुळे उद्या दहा जण वाचणार असतात.

सहली काढणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे की हा अर्धा तास कार्यक्रमपत्रिकेत छापा, त्याला आयफेल टॉवरइतकंच स्थान द्या. आणि आईवडिलांना परदेशी पाठवणाऱ्या मुलामुलींना त्याहून आग्रहाचं सांगणं आहे. बॅग भरून देताना ‘सांभाळा हं, तिकडे फार चोर असतात’ असं म्हणू नका. ते वाक्य घेऊन ती घाबरून निघतात आणि काही झालं तर तेच वाक्य त्यांचं तोंड बंद करतं. त्यापेक्षा घरातच दोनदा-तीनदा मोठ्याने ‘नो’ म्हणण्याचा सराव करून घ्या. कार्ड कसं बंद करायचं ते त्यांच्याच फोनवर त्यांच्याच बोटाने करून घ्या. आणि निघताना एवढं नक्की सांगा, ‘काही गेलं तर त्याच क्षणी आम्हाला कळवा. एक अक्षर बोलणार नाही.’ फोन आला तर तो शब्द पाळा. पैसे परत मिळवता येतात, नाही मिळाले तर कमावता येतात. पण आयुष्यभर राबून पहिल्यांदा जग बघायला निघालेल्या माणसाला परक्या शहरात स्वतःच्याच मुलांची भीती वाटू नये, ही काळजी कुठलाही टूर मॅनेजर तुमच्या वतीने घेऊ शकत नाही.